रजिस्टरातला पक्षी

लाइनमनला गावात नाव नसतं. तो दिसला की लोक म्हणतात, 'वायरमन आला', आणि लाईट गेली की जे म्हणतात ते दिवाळी अंकात छापता येत नाही. तीस वर्षं मी दोन्ही ऐकत आलो. निवृत्त झाल्यावर या अंकाच्या खटपटीत असलेले आमच्या गावचे मास्तर घरी आले आणि म्हणाले, "नवनाथराव, खांबावरचे थरारक प्रसंग लिहा." मी म्हटलं, मास्तर, खांबावर नट, बोल्ट आणि कावळ्याची घाण असते. लिहायचंच असेल तर मी माझ्या दोस्तांबद्दल लिहीन. त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण पानं राखून ठेवली होती, म्हणून हो म्हणाले.

माझी बहुतेक नोकरी माकणीच्या धरणाच्या आसपासच्या गावांत गेली. ऊस, द्राक्षं, सोयाबीन आणि विहिरीविहिरीवर मोटर. बाहेरच्या माणसासाठी कामाची रीत आधी सांगतो. उपकेंद्रातून निरनिराळ्या दिशांना लाइन निघतात, त्या प्रत्येकीला फीडर म्हणतात. एक फीडर गावठाणाचा, म्हणजे घरांचा, आणि एक शेतीचा. तारेवर काम करायचं तर उपकेंद्रातल्या ऑपरेटरनं तो फीडर बंद करायचा. नुसतं तोंडानं 'बंद केला' म्हणून चालत नाही. कोणता फीडर, किती वाजता बंद केला, कामावर कोण आहे, हे लिहून तो लाइनमनला कागद देतो. त्याला परमिट म्हणतात. तो कागद त्याच लाइनमननं परत आणून दिल्याशिवाय फीडर चालू करायचा नाही. शिवाय खांबाशी पोचल्यावर अर्थिंगचा रॉड लावायचा. रॉड म्हणजे एक लांब, कोरडी काठी. तिच्या टोकाला धातूचा हूक आणि हुकाला जोडलेली तार थेट जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत. हूक लाइनला अडकवला की वर काही चुकून शिल्लक असलं तर ते जमिनीत जातं. मग माणसानं हात लावायचा. एवढं सगळं करायला पाऊण तास जातो. वरचं काम बहुतेक वेळा दहा मिनिटांचं असतं.

तो पाऊण तास वाचवण्याची युक्ती माझा दोस्त बाळू यानं काढली.

बाळू आमच्या उपकेंद्राचा ऑपरेटर. माझ्याच वयाचा, अंगानं भरलेला, तोंडावर कायम हसू. माझे वडील धाराशिवला दवाखान्यात होते तेव्हा हा गडी चार दिवस त्यांच्या उशाशी बसला होता. माझ्या सख्ख्या भावानं दोनच दिवस काढले होते. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाशी वाकडं नाही. वाईट संगत म्हणून आई-बाप पोरांना ज्याची भीती घालतात, त्यातलं बाळूत एकही लक्षण नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

एकदा तो मला म्हणाला, "दोस्ता, परमिटासाठी उगं आठ किलोमीटर गाडी कशाला हाणतो? तू खांबाशी थांब, मला फोन कर. म्या बंद करतो आन् मिस कॉल देतो. एक रिंग वाजली की चढ. उतरला की तू मला मिस कॉल दे, म्या चालू करतो. कागद संध्याकाळी बसून लिहू."

आणि आम्ही तसं करू लागलो. एकदा चाललं, दहादा चाललं, मग तीच रीत झाली. पाऊण तासाचं काम पंधरा मिनिटांत होऊ लागलं. गावोगाव माझं नाव झालं. एक द्राक्षबागाईतदार तर मला रस्त्यात अडवून चहा पाजायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "वायरमन असावा तर असा." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. रॉड गाडीला बांधलेलाच राहायचा. माझा नेहमीचा जोडीदार दत्ता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्यानं एकदा विचारलं, "भाऊ, रॉड?" मी म्हटलं, "बाळूवर भरवसा न्हाय व्हय?" पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. मी बाळूकडून शिकलो आणि दत्ता माझ्याकडून शिकला.

आमच्यात एकच माणूस या रीतीत बसत नव्हता, ते म्हणजे शेषेराव. तेरचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, कपाळावर कायम आठी. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो आणि पाठीमागं 'परमिट'. कागद हातात आल्याशिवाय हा माणूस खांबाच्या सावलीतसुद्धा उभा राहायचा नाही. लोक बोंबलत, सरपंचाचा फोन येई, तात्या शांतपणे विडा लावत बसत. "कागद यऊ द्या," एवढंच. कुणी चहा आणला तर कामाआधी घ्यायचे नाहीत. चहा प्याला की माणूस मिंधा होतो आणि मिंधा झाला की घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर ड्युटी लागली की आम्ही एकमेकांना म्हणायचो, गेला दिवस.

एका वस्तीवर कोंडाबाई म्हणून म्हातारी होती. खांबाला आधार म्हणून जी तिरकी ताणाची तार असते, तिच्यावर ती रोज लुगडं वाळत घालायची. शेषेराव तात्या तिच्याशी या लुगड्यावरून दर खेपेला भांडायचे. मी आणि दत्ता कधी बोललो नाही, कारण भांडायला थांबावं लागतं. एकदा मी तात्यांबरोबर तिकडं गेलो होतो. परमिट यायचं होतं, म्हणून तिनं दिलेली भाकरी आणि ठेचा खात बसलो. तात्यांनी ताणावरचं लुगडं काढून घडी करून तिच्या हातात दिलं. म्हातारी त्यांना शिव्या देऊन झाल्यावर माझ्याकडं वळली. म्हणाली, "बाबा, तू त्या दुसऱ्या पोराबरुबर येतो तवा पाणी बी न पिता पळतो. ह्या तोंडवाकड्याबरुबर आला की माणसावाणी बसतो. तू हायेस तरी कोण?"

मी हसून टाकलं. आज तो प्रश्न आठवतो, तेव्हा हसू येत नाही.

उन्हाळ्यातली दुपार. दत्ता बहिणीच्या लग्नासाठी रजेवर, म्हणून माझ्याबरोबर तात्या. एका गावाबाहेर शेतीच्या फीडरचा जंपर तुटला होता. जंपर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा. खांबाशी पंधरा-वीस माणसं जमलेली. चाऱ्याला पाणी नाही, बागेला पाणी नाही, सगळ्यांचा राग आमच्यावर. मी तात्यांना न विचारता बाळूला फोन लावला. "बाळू, जंपर तुटलाय. बंद कर."

"करतो. मिस कॉल देतो," बाळू म्हणाला.

मी पट्टा बांधला. दोन मिनिटांत फोनची एक रिंग वाजली आणि बंद झाली. मी खांबावर पाय ठेवला. तात्यांनी मागून माझा पट्टा धरला.

"परमिट कुठंय?"

"तात्या, बाळूनं बंद केलंय. रिंग आली की."

"रिंग म्हंजे कागद न्हाय. रॉड लावू दे."

"ऊन बघा, लोकं बघा. दहा मिनटांचं काम हाय."

लोक हसायला लागले. कुणी तरी म्हणालं, "मामा, घरी जा, झोपा." मला तात्यांपेक्षा त्या हसण्याचा राग आला आणि तो मी तात्यांवर काढला. म्हटलं, "तुमाला भ्या वाटतंय तर बाजूला व्हा. म्या चढतो."

तात्यांनी पट्टा सोडला नाही. आवाजही चढवला नाही. "नवनाथ, म्या रॉड लावल्याबिगर तुला चढू देणार न्हाय. मग तू मला मार न्हायतर साहेबाला सांग."

साठीला आलेल्या माणसाशी झोंबाझोंबी करायची लाज वाटली, म्हणून मी पाय खाली घेतला. एवढंच कारण. मला शहाणपण सुचलं असं कृपया कुणी समजू नये. तात्यांनी गाडीला बांधलेला रॉड सोडला, हातमोजे घातले, सळई जमिनीत ठोकली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. मग लोकांना दहा-बारा पावलं मागं जायला लावलं. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. त्यांनी रॉड उचलला आणि हूक तारेला टेकवला.

तो आवाज मला सांगता यायचा नाही. डोळ्यांसमोर पांढरं झालं, आणि दिसायला लागलं तेव्हा माणसं शेतात पळत होती. तात्या खाली बसले होते. रॉड हातातून सुटला होता, उजव्या भुवईचे केस जळाले होते. तारेत वीज होती. पूर्ण अकरा हजार व्होल्ट. उपकेंद्रातला ब्रेकर उडाला म्हणून ती थांबली.

तात्यांनी चष्मा शोधला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता इचार तुझ्या दोस्ताला."

मी विचारलं. झालं होतं ते असं. त्या रस्त्यानं दोन फीडर जातात. मी कोणता ते सांगितलंच नव्हतं. बाळूनं तेच विचारायला फोन केला होता, 'शेतीचा का गावठाणाचा?' एक रिंग वाजली आणि रेंज गेली. तो पुन्हा लावत होता, तेवढ्यात हा धमाका. चूक त्याची होती तशी माझीही होती. पण मुळातली चूक ही, की आम्ही दोन दोस्तांनी एका रिंगवर जीव टांगला होता.

संध्याकाळी उपकेंद्रात गेलो. फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की रजिस्टरात कारण लिहावं लागतं. बाळू पांढराफटक पडला होता. त्यानं मला मिठी मारली आणि रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "दोस्ता, 'पक्षी' लिहू का?"

तारेवर पक्षी बसून लाइन ट्रिप होते, हे आमच्याकडं रोजचं कारण. खरं लिहिलं असतं तर बाळू निलंबित झाला असता. मला त्याचे दवाखान्यातले चार दिवस आठवले. मी म्हटलं, "लिही." खाली माझी सही केली. तात्यांपुढं रजिस्टर सरकवलं, तर त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कोणता पक्षी?"

बाळूनं पेन पुढं केलं. त्यांनी सही केली नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "सांगायचं का न्हाय ते तू ठरीव. मराय तू निघाला हुतास."

दुसऱ्याच आठवड्यात मी साहेबांकडं जाऊन तात्यांबरोबर कायमची जोडी मागून घेतली. साहेब चकित झाले, कारण ती जोडी कुणी मागत नसे. बाळूला मी सांगितलं की इथून पुढं मी कागद घेतल्याशिवाय चढणार नाही. त्याला ते लागलं. "म्हंजे आता माझ्यावर भरवसा न्हाय?" मी म्हटलं, "तुझ्यावर हाय, रिंगवर न्हाय." तो हसला, पण त्या दिवसापासून आमच्यातलं काहीतरी निसटलं. बाकीच्यांनी मला 'परमिट नंबर दोन' म्हणायला सुरुवात केली. बागाईतदारानं चहा पाजायचं सोडलं. हे सगळं मी सोसलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली, की बघा, मी संगत बदलली.

दत्तानं विचारलं, "भाऊ, माझ्यासंगं का न्हाय?" मी सांगितलं, "तात्यांचं वय झालंय, त्यांना सोबत पायजे." खरं सांगितलं असतं तर बाळूचं नाव आलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो. मी एकटा त्या रीतीतून बाहेर पडलो आणि दत्ताला तिथंच ठेवून आलो.

पावसाळा संपत आला होता. दत्ता एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर चढला होता. बाळूनं या खेपेला बरोबर फीडर बंद केला होता, मिस कॉलही बरोबर दिला होता. पण त्याच फीडरवर पलीकडच्या शिवारात दुसरा एक वायरमन काम करत होता. त्याचं काम झालं, त्यानं बाळूला मिस कॉल दिला आणि बाळूनं फीडर चालू केला. दत्ता वरच होता.

तो जगला. उजवा हात कोपराखाली काढावा लागला. दवाखान्यात त्याची बायको दाराशी बसली होती. तिनं मला बसायला जागा दिली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी संगं असता तर..." तिला काही माहीत नव्हतं. मी तिथं बसू शकलो नाही.

चौकशी लागली. कागदावर सगळं स्पष्ट होतं. दत्तानं परमिट घेतलं नव्हतं, म्हणजे चूक दत्ताची. तसं ठरलं असतं तर हात तर गेलाच होता, नोकरीवरही पाणी पडलं असतं. चौकशीच्या आदल्या दिवशी बाळू माझ्या घरी आला. ओट्यावर बसला, पाणीही घेतलं नाही.

"मिस कॉलचं कुणाला काय माहीत न्हाय," तो म्हणाला. "तू, म्या, आन् पोरं. पोरं बोलणार न्हायत, आन् एकट्या दत्ताचं कोण ऐकणार? माझी दोन लेकरं हायेत, दोस्ता."

"दत्ताला बी हायेत."

"त्याचा हात काय परत येणार हाय का?"

हा तोच बाळू होता, माझ्या बापाच्या उशाशी बसलेला. तो बदलला नव्हता. तो मला नेहमीच सोपी वाट दाखवत आला होता, आणि मी नेहमी ती धरली होती. त्या दिवशी मला कळलं की दोस्त आपल्यासाठी काय काय करतो हे मोजून भागत नाही. तो आपल्याला कधी थांबवतो का, हे बघावं लागतं. बाळूनं मला एकदाही थांबवलं नव्हतं आणि मीही त्याला थांबवलं नव्हतं. आम्ही एकमेकांचे लाडके होतो.

"म्या सांगणार हाय," मी म्हटलं. "मिस कॉलचं बी, आन् पक्ष्याचं बी. पयला माझं नाव सांगतो, मग तुझं."

तो उठून गेला. जाताना चप्पल घालायला त्याला बराच वेळ लागला. मला त्याला हाक मारावीशी वाटली, फार वाटली. मारली नाही.

चौकशीत मी सगळं सांगितलं. रजिस्टरातला तो पक्षी खोटा होता, सही माझी होती, ही रीत मी पाळली आणि दत्ता ती माझ्याकडूनच शिकला, असं लिहून दिलं. माझ्या पाठोपाठ इतर तिघांनी तोंड उघडलं. बाळू निलंबित झाला आणि वर्षानं भूमच्या बाजूला बदलून गेला. शिक्षा मलाही झाली, ती मी वाजवी समजतो. दत्ताची नोकरी राहिली. तात्या त्या दिवशी माझ्याबरोबर बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्या बी तवाच बोलाय पायजे हुतं. सही न्हाय केली, म्हंजे आपलं काम झालं असं समजून घरी जाऊन जेवलो." आठी तशीच होती, पण डोळ्यांत पाणी होतं. तात्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याच जोडीला राहिलो. तेरला त्यांच्या घरी अजून जातो. अजून ते चहाआधी विचारतात, काही काम आहे का म्हणून.

बाळू मला एकदाच भेटला, धाराशिवच्या बसस्थानकावर. दोघांनी एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली. त्याची बस लागली. चढताना मागं वळून म्हणाला, "आता म्या बी कागदाबिगर बंद करत न्हाय." मी मान हलवली. एवढंच बोलणं झालं. दोस्ती गेली याचं मला आजही वाईट वाटतं. सांगितलं याचं वाटत नाही. उशिरा सांगितलं याचं वाटतं, आणि ते वाटणं जाणार नाही.

बरा झाल्यावर दत्ताला हलकं काम मिळालं. आमच्याच उपकेंद्रात ऑपरेटर, बाळूच्याच खुर्चीवर. डाव्या हातानं लिहायला त्याला वर्ष लागलं. अक्षर मोठं, वाकडं. एक परमिट लिहायला त्याला इतरांच्या तिप्पट वेळ लागे. कागद सरकू नये म्हणून तो त्यावर उजव्या हाताचं उरलेलं कोपर ठेवी.

निवृत्तीच्या आधी शेवटचं परमिट मी त्याच्याकडूनच घेतलं. बाहेर उन्हात गाडी उभी, खिशात फोन सारखा वाजत होता. तोच बागाईतदार. दत्तानं फीडरचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, माझ्या नावाशी येऊन अडखळला, 'थ' खोडून पुन्हा लिहायला घेतला. फोन परत वाजला.

दत्तानं मान वर केली. "भाऊ, घाई हाय का?"

मी फोन बंद करून टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसलो.

"न्हाय," म्हटलं. "लिही सावकाश."